खेळ तिचा, नियम कुणाचे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पुण्यात एक ठरलेला मोसम सुरू होतो. कटऑफ, पसंतीक्रम, दाखले, झेरॉक्सच्या दुकानापुढच्या रांगा. या गर्दीत एखादी फाईल जरा वेगळी असते. तिच्यात गुणपत्रिकेच्या मागे प्रमाणपत्रांचा गठ्ठा असतो. जिल्हा, विभाग, राज्य आणि नशीब असेल तर राष्ट्रीय. ही फाईल छातीशी धरून उभी असलेली आई इतरांसारखी घाईत नसते, ती काळजीत असते. तिला जे विचारायचंय ते माहितीपुस्तिकेत सापडत नाही. 'खेळावर हिला काय मिळेल? आणि जे मिळेल ते टिकेल का?'

गेल्या काही महिन्यांत मला आलेल्या पत्रांमध्ये हा प्रश्न वारंवार दिसला. त्यातली दोन पत्रं मी बाजूला काढून ठेवली. पहिलं कोथरूडच्या एका आईचं. मुलगी चौदा वर्षांची, टेनिस खेळते. 'अमेरिकेत म्हणे खेळावर फुकट शिक्षण होतं. एक एजंट म्हणतो, शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो. खरं मानायचं का हो?' दुसरं पत्र हडपसरचं. मुलगी सॉफ्टबॉल खेळणारी, राज्य पातळीपर्यंत गेलेली. एफवायनंतर तिने कॉलेज बदललं. जुन्या कॉलेजने दाखला द्यायला इतके दिवस लावले, की नव्या कॉलेजची खेळाडूंची यादी तोवर विद्यापीठाकडे गेली होती. 'वर्षभर पोरगी कडेला बसून होती. अभ्यासाचं वर्ष वाचलं, पण खेळाचं गेलं ते गेलंच,' असं आईने लिहिलंय.

वरवर बघता दोन्ही पत्रांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एक परदेशी स्वप्नाचं, दुसरं इथल्या कागदपत्रांचं. पण विचार करत गेले तसं वाटलं, की दोघी एकच गोष्ट विचारताहेत. मुलीच्या खेळाची किंमत कोण ठरवतं? आणि ती किंमत पटली नाही, तर तिला आपला खेळ घेऊन दुसरीकडे जाता येतं का?

'अकरा पॉइंट सात'चा हिशोब

त्या 'शंभर टक्क्यां'नी मला स्वस्थ बसू दिलं नाही. माझी मावसबहीण बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. तिचा मुलगा शाळेच्या संघातून बेसबॉल खेळतो. तिला फोन केला, तर ती हसायलाच लागली. 'ताई, शंभर टक्के काय घेऊन बसलीस! आमच्याकडे बेसबॉलला कितीतरी वर्षं अकरा पॉइंट सातचाच हिशोब होता.' मी म्हटलं, 'म्हणजे काय गं? सात दशांश मुलगा कसा शिकवतात?' मग तिने सगळं नीट समजावून सांगितलं.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे नियम एनसीएए ही संस्था करते. तिच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, कोणत्या खेळाला किती शिष्यवृत्त्या द्यायच्या याची कमाल मर्यादा ठरलेली असे. बेसबॉलच्या एका संघाला मिळून 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्या. संघात मुलं मात्र तीस-पस्तीस. म्हणून प्रशिक्षक त्या 11.7 चे तुकडे करायचे. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. पुढे असा नियम आला, की संघ 35 जणांचा, त्यातल्या जास्तीत जास्त 27 जणांना पैसे आणि ज्याला द्यायचे त्याला निदान पाव तरी. समान वाटणी केली असती तरी प्रत्येकाच्या हाती निम्म्याहून कमीच पडलं असतं. एखाद्या घरात बारा भाकऱ्या आणि सत्तावीस जेवणारे असले, की ती माउली करते तसाच हा हिशोब. उरलेली फी आईबापांनी भरायची नाहीतर कर्ज काढायचं.

'आणि लोकांना मात्र आपण सांगतो, आमचा मुलगा बेसबॉलवर शिकतोय!' बहीण म्हणाली.

डिव्हिजन थ्री या गटातली कॉलेजं आणि हार्वर्ड, येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे मिळते ती घरची गरज पाहून दिलेली मदत. तीही चांगली असू शकते, पण ती 'खेळावर' नसते. एजंटच्या तोंडी हा फरक क्वचितच येतो.

मुलींच्या ताटात पूर्ण पोळी

आता कोथरूडच्या आईचा प्रश्न. इथे गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे.

1972 साली अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करायचा नाही, एवढंच तो सांगतो. गंमत म्हणजे त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण खेळही शिक्षणाचाच भाग असल्यामुळे तो लागू झाला आणि कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघांत 85 मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती. तेवढ्याच तोलाचं मुलींसाठी काय? मग मुलींच्या काही खेळांना हात सैल सोडला गेला. पुरुषांच्या टेनिस संघाला 4.5 शिष्यवृत्त्या, त्याही तुकडे करून. महिलांच्या टेनिस संघाला 8, आणि त्या डोकी मोजून. म्हणजे आठ मुलींना द्यायच्या, त्यांचे तुकडे पाडून दहा-बाराजणींत वाटायच्या नाहीत. त्यामुळे प्रशिक्षक सहसा पूर्णच द्यायचे. सॉफ्टबॉलला 12 होत्या, त्यांचे मात्र बेसबॉलसारखे तुकडे व्हायचे.

आपल्याकडच्या मुली टेनिसच्या वाटेने अमेरिकेला जाऊ लागल्या त्यामागे हा हिशोबही आहे. ऋतुजा भोसले हे नाव तुम्हाला आठवत असेल. जन्म श्रीरामपूरचा, टेनिस पुण्याचं. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली, परत आली, व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. पहिला सेट 2-6 असा हरल्यावर दुसरा 6-3 आणि निर्णायक टायब्रेक 10-4. खेळ की शिक्षण, असा प्रश्न आपल्याकडे मुलीला पंधराव्या वर्षीच घातला जातो. ऋतुजाने दोन्ही केलं. ते जमलं, कारण जिथे ती गेली तिथे खेळणाऱ्या मुलीसाठी जागा अगोदरच नियमाने राखलेली होती. कुणाची मेहेरबानी नव्हती.

पण 2025 मध्ये पान उलटलं

आता ही पूर्ण पोळी तशी राहिलेली नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या खटल्यात तडजोड मंजूर झाली आणि 2025-26 पासून, ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती, शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादाच गेली. त्याऐवजी संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मर्यादा आली. बेसबॉलला 34, सॉफ्टबॉलला 25, टेनिसला 10.

ऐकायला छान वाटतं. 34 च्या 34 मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायला आता कुणाची ना नाही! पण द्यायला परवानगी असणं वेगळं आणि कनवटीला पैसे असणं वेगळं, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको. त्याच तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा कुणीकडे जाणार? फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे. आणि मुलींच्या टेनिसची 'डोकी मोजून' ही पद्धत गेली. आता तिथेही तुकडे होऊ शकतात. म्हणजे जो नियम पुण्याच्या मुलीच्या बाजूने उभा होता, तोच सैल झाला.

म्हणून जुन्या बॅचच्या कुणा ताईला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली होती, एवढ्यावर आज विसंबू नका.

सोडून जायचं असेल तर?

आता दुसऱ्या पत्राकडे वळते. हडपसरच्या मुलीने जे भोगलं, ते अमेरिकेतल्या मुलांनीही अनेक वर्षं भोगलंय. फक्त त्यांच्याकडे तो लेखी नियमच होता.

तिथे कॉलेज बदलणाऱ्या बेसबॉलपटूला 2008-09 पासून वर्षभर बाहेर बसावं लागे. फुटबॉल, बास्केटबॉल आणि पुरुषांच्या आइस हॉकीलाही तोच नियम. सॉफ्टबॉल, टेनिसच्या मुलींना एकदा न बसता बदलायची मुभा होती, पण जुन्या कॉलेजने हरकत घेतली नाही तरच. इतकंच काय, दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकाशी बोलायलासुद्धा आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची. सासर सोडायचं तर सासूचीच चिठ्ठी आणा, असा प्रकार! प्रशिक्षक मात्र एका कॉलेजमधून दुसऱ्या कॉलेजमध्ये जास्त पगारावर हवे तेव्हा जात होते. त्यांना कुणी वर्षभर बाकावर बसवलं नाही.

ऑक्टोबर 2018 पासून परवानगीची अट गेली. खेळाडूने फक्त कळवायचं, त्याचं नाव 'ट्रान्स्फर पोर्टल' नावाच्या यादीत जातं. 2021 मध्ये सगळ्याच खेळांना एकदा न बसता बदलायची मोकळीक मिळाली. एप्रिल 2024 मध्ये, कोर्टकचेऱ्यांनंतर, अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला, असं झालं.

चांगलंच झालं. पण प्रत्येक दार दोन्ही बाजूंनी उघडतं. प्रशिक्षकाला आता शाळेतून आलेली अठरा वर्षांची कच्ची मुलगी घडवण्यापेक्षा यादीतून एकवीस वर्षांची तयार खेळाडू उचलणं सोपं वाटतं. आणि संघात दहाच जागा! पुण्याहून पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीची स्पर्धा आता तिच्या वयाच्या मुलींशी राहिलेली नाही.

शिष्यवृत्तीची मुदत हा आणखी एक मुद्दा. 1973 पासून जवळपास चाळीस वर्षं तिथली शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. 2012 पासून अनेक वर्षांची द्यायला परवानगी मिळाली आणि 2015 मध्ये सर्वांत मोठ्या पाच लीगनी ठरवलं, की केवळ खेळ खालावला म्हणून ती काढायची नाही. पण हे तेव्हा त्या लीगपुरतं होतं. शिवाय 'चार वर्षं' असं तोंडी सांगितलेलं आणि कागदावर लिहिलेलं यात फरक असू शकतो. सातासमुद्रापार गुडघा दुखावलेल्या लेकीला दुसऱ्या वर्षाची फी कोण भरणार, हे तो कागदच सांगतो.

आपल्या अंगणात

आता म्हणाल, अमेरिकेचं ठेवा बाजूला, आमच्या पोरी इथेच खेळणार आहेत. बरोबर आहे. मग इथलं बघू.

आपल्याकडे मुलीला खेळावर काय मिळतं? अकरावीला खेळाडूंच्या राखीव जागा, दहावी-बारावीला सवलतीचे गुण, एखादं कॉलेज चांगलं असेल तर फीमध्ये सूट, ट्रॅकसूट, प्रवासखर्च आणि भत्ता. पुढे आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, विद्यापीठाचा संघ आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. शेवटी, ज्यासाठी बहुतेक घरं हे सगळं सोसतात, ती सरकारी नोकरीतली 5 टक्के राखीव जागा. राज्य सरकारने 30 एप्रिल 2005 च्या निर्णयाने ती दिली आणि 1 जुलै 2016 च्या निर्णयाने तिचे नियम बदलले. खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याशिवाय ती जागा मिळत नाही. म्हणून तो गठ्ठा आया छातीशी धरतात. कॉलेजचं एक वर्ष कडेला बसून गेलं, की त्या गठ्ठ्यातलं एक पान कमी होतं, कदाचित नेमकं हवं असलेलंच.

आपल्याकडे खेळाखेळातही डावं-उजवं आहे. जानेवारी 2019 मध्ये आपल्या बालेवाडीला 'खेलो इंडिया' युवा स्पर्धा झाल्या. 18 खेळ होते. त्यात कबड्डी, खो-खो होते याचा आनंदच आहे. पण सॉफ्टबॉल नव्हता, बेसबॉलही नव्हता. शालेय स्पर्धांमधून हे खेळ खेळणाऱ्या मुली महाराष्ट्रात गावोगावी आहेत. 'खेलो इंडिया'तून निवडलेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये खर्चाला मिळतात. तेवढीच धावणाऱ्या, तेवढीच ढोपरं फोडून घेणाऱ्या सॉफ्टबॉलच्या मुलीला त्या मांडवात जागाच नव्हती. कुठला खेळ निवडावा हे मुलीचं मन ठरवतं, पण त्याला मोल किती ते यादी ठरवते.

आणि बदलीचं? त्याचं उत्तर किरण नवगिरेच्या गोष्टीत आहे.

किरण सोलापूर जिल्ह्यातली. शेतकऱ्याची मुलगी. पुण्यात शिकायला आली आणि पुणे विद्यापीठाकडून भालाफेक, गोळाफेक करू लागली. क्रिकेटकडे ती तशी उशिराच वळली. चेंडू लांब मारायची ताकद होतीच. पण महाराष्ट्राच्या संघात हवी तशी संधी मिळेना. मग 2021-22 च्या मोसमात ती नागालँडकडून खेळायला गेली. क्रिकेटमध्ये राज्य बदलायचं तर आधीच्या राज्य संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. हा कागद हातात असेल तर खेळता येतं.

एप्रिल 2022 मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध टी-20 सामन्यात तिने 76 चेंडूंत 162 धावा केल्या. तोवर एकाही भारतीयाने, पुरुष असो वा स्त्री, टी-20 सामन्यात दीडशेचा टप्पा गाठला नव्हता. पुढच्याच महिन्यात आपल्या गहुंजेच्या मैदानावर महिला टी-20 चॅलेंजमध्ये 34 चेंडूंत 69. सप्टेंबर 2022 मध्ये इंग्लंडमध्ये भारताची टोपी. 2023 मध्ये पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात यूपी वॉरियर्सने तिला 30 लाखांना घेतलं. आणि मग ती महाराष्ट्राकडे परत आली. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना तिने 34 चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-20 मधलं जगातलं सर्वांत वेगवान शतक!

नागालँडला जाता आलं नसतं तर? किरणची ताकद तीच राहिली असती, मेहनतही तीच. फक्त आपल्यापैकी कुणाला तिचं नाव माहीत झालं नसतं. एका कागदाने एवढा फरक पडतो. हडपसरच्या मुलीचाही कागदच अडला होता.

फाईल उघडण्याआधी

मैत्रिणींनो, मुलीच्या खेळासाठी आपण पहाटे उठतो, डबे करतो, पेट्रोल जाळतो, प्रसंगी दागिना मोडतो. नियम वाचायची वेळ आली की मात्र 'ते सर बघतील' म्हणतो. सर चांगले असतात, पण त्यांना चाळीस मुली असतात. तुम्हाला तुमची एकच आहे. तेव्हा हे प्रश्न तुम्हीच विचारा.

इथल्या कॉलेजला विचारा: फीची सूट एका वर्षाची की पूर्ण अभ्यासक्रमाची? दुखापत झाली तर ती राहते का? संघाची नावं विद्यापीठाकडे कोणत्या तारखेपर्यंत जातात? कॉलेज बदलायचंच असेल तर ती तारीख आधी पाहा. दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि संघटनेची ना-हरकत यांचे अर्ज एकाच दिवशी करा. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. तोंडी 'या उद्या' चालवून घेऊ नका. स्पर्धेहून आल्याबरोबर प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख आणि स्पर्धेचं वर्ष तपासा. चार वर्षांनी दुरुस्तीसाठी संघटनेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

अमेरिकेचा विचार असेल तर एजंटला विचारा: शंभर टक्के म्हणजे कशाचे? फीचे, की राहण्या-जेवण्यासकट? विमानाचं तिकीट, आरोग्य विमा, सुट्टीतला खर्च कोण करणार? प्रशिक्षकाचं पत्र नको, विद्यापीठाचा लेखी करार दाखवा. त्यावर किती वर्षं लिहिलीत? कॉलेजने 2025 ची तडजोड स्वीकारलीय का आणि संघात सध्या किती जागा आहेत? नववी ते बारावीच्या गुणपत्रिका जपून ठेवा, कारण एनसीएए त्या चारही वर्षांचे 16 मुख्य विषय तपासते. खेळ कितीही चांगला असो, नववीत सोडून दिलेलं गणित आडवं येतं. बारावीनंतर दोन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळत राहिलं, तर कॉलेजमध्ये खेळायचे मोसम कमी होऊ शकतात. आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीला तिथल्या मुलींसारखी जाहिरातींची कमाई मोकळेपणाने करता येत नाही. कॉलेज बदललं तर आय-ट्वेंटी हा कागदही बदलावा लागतो.

कोथरूडच्या ताईंना मी उत्तर लिहिलं आहे. मुलीला खेळू द्या, अमेरिकेचं दारही बंद करू नका, पण 'शंभर टक्के' म्हणणाऱ्याला करार टेबलावर ठेवायला सांगा. हडपसरच्या ताईंना लिहिलं, की गेलं वर्ष परत येणार नाही, पण पुढच्या मोसमासाठी नाव आताच नोंदवा. त्यांचं उलट उत्तर परवाच आलं. मुलगी रोज संध्याकाळी सरावाला जाते आणि या वेळी कॉलेजच्या ऑफिसात आईच्या आधी तीच पोहोचते, हातात अर्जाची प्रत घेऊन.